माईंची म्हैस

परवा आमच्या परतूरच्या दवाखान्यात नवे आलेले डॉक्टर एका अवघडलेल्या बाईला तपासत होते. मुलगा हुशार आहे, हातही हलका आहे. त्यानं नळीचं टोक पोटाला टेकवलं तशी बाई शहारली. मी पुढं होऊन ते टोक त्याच्याकडून घेतलं, मुठीत धरलं आणि ऊन झाल्यावर परत दिलं.

"ही कुठली पद्धत, सिस्टर?" त्यानं विचारलं.

"यमुनाबाईंची," मी म्हणाले.

यमुनाबाई कोण, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. जालन्यातसुद्धा आता फार थोड्यांना आठवत असतील. म्हणून लिहायला बसले.

डॉक्टर यमुनाबाईंना सगळं जालना माई म्हणायचं. मी त्यांच्याकडे नर्स म्हणून लागले तेव्हा लढाई चालू होती, राज्य निजामाचं होतं आणि दवाखान्यावरची पाटी उर्दूत होती. माई हैदराबादेत शिकलेल्या, पण बोलणं माहेरचं, अंबडकडचं. ते त्यांनी कधी बदललं नाही. मोठ्या साहेबापुढंही "न्हाई" आणि "मंग"च चालायचं. लहानपणीच विधवा झालेल्या. बापानं हट्टानं शिकवलं, एवढं मला माहीत आहे. त्यापलीकडं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ठेंगण्या होत्या, अंगानं रुंद. पांढरं सुती लुगडं, आणि पायांत पुरुषांचे लोकरी मोजे, वर चपला. मोज्यांवरून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. माई म्हणायच्या, "हसा. पाय गार पडले का हात गार पडतात. मंग तुम्हीच बोंबलताल."

कारण गार हातानं कुणाला शिवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. तपासायच्या खोलीत बारा महिने शेगडी असायची. उन्हाळ्यात निखारे राखेखाली झाकलेले, हिवाळ्यात फुललेले. बाई आत आली की माई आधी शेगडीवर तळवे धरून उभ्या राहायच्या आणि तिच्याशी म्हशीच्या दुधाबद्दल, नाहीतर नणंदेच्या लग्नाबद्दल बोलायच्या. मग तळहात स्वतःच्या गालाला लावून बघायच्या आणि मगच तिच्या पोटावर ठेवायच्या.

"आधीच तिचा जीव मुठीत," मला सांगायच्या. "त्यात परक्याचा गार हात. ती पोट आवळून धरती. मंग काय तपासणार तू, डोंबल?"

हातांचं, तसंच चमच्याचं, वाटीचं, बाळाच्या दुपट्याचं. चहाची बशीसुद्धा आधी कढत पाण्यानं विसळून घ्यायच्या. शिळी भाकरी चालायची, पण तव्यावर टाकल्याशिवाय नाही. "आधी ऊन कर, शांते." इतक्या वर्षांत त्या माझ्याशी जेवढं बोलल्या त्यातलं निम्मं हेच असेल.

नवऱ्यांशी मात्र त्या गारच वागायच्या. एकदा वेचणीच्या दिवसांत एक धिप्पाड गडी बायकोला न्यायला आला. बाळंत होऊन तिला आठवडाही झाला नव्हता.

"कापूस फुटून राह्यला, माई," तो म्हणाला. "माणसं न्हाईत वेचायला."

"बराबर हाये," माई म्हणाल्या. "मंग असं कर. तू बाजेवर नीज, शेक घे, डिंकाचे लाडू खाय. हिला पाठव वेचायला."

गडी हसला. माई हसल्या नाहीत. "सव्वा महिन्याच्या आत हिचा हात गार पाण्यात गेला तर मी म्हैस घेऊन यीन. तुझ्या शेतात उभी करीन."

तो हसतच गेला. काही दिवसांनी माई खरंच गेल्या. त्याच्या बांधाला मोटार लावली आणि तो घरून येईपर्यंत भोंगा वाजवत राहिल्या. बायको शेतात नव्हतीच, बाजेवरच होती. त्याला हे सांगायचं होतं, पण भोंग्यात ऐकू जाईना. परत येताना मी म्हटलं, "माई, उगाच गेलो." माई म्हणाल्या, "उगाच कसं? आता पुढच्या बाळंतपणाला बी ध्यान राहील."

म्हैस म्हणजे माईंची मोटार. काळी, बसकी, मोठ्या डोळ्यांची. सुरू झाली की अंग हलवून घशातून हंबरायची आणि धूर सोडायची. नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलं, माईंनी लगेच उचललं.

ती घेतली कशासाठी, तेही सांगायला हवं. माझ्या आधीची गोष्ट आहे. अंबड तालुक्यातल्या एका गावाहून बोलावणं आलं, तेव्हा माई बैलगाडीनं जायच्या. माघ महिना होता. पोचल्याबरोबर कामाला लागता यावं म्हणून त्यांनी गाडीतच मातीच्या बोळक्यात निखारे घेतले होते आणि वाटभर हात शेकत ठेवले होते. पोचल्या तेव्हा बाई जाऊन बराच वेळ झाला होता. माईंनी एकदाच मला हे सांगितलं, तेही सुया उकळता उकळता. "माझे हात ऊन होते, शांते. ती गार पडल्ती." आणि मग भांड्यावर झाकण ठेवून म्हणाल्या, "तव्हाच ठरवलं. बैलाच्या पायानं आता जायचं न्हाई."

लढाईत पेट्रोल मिळायचं नाही. पण ही मोटार डिझेलवर चालायची. कुण्या जहागीरदारानं हौसेनं विलायतेतून मागवलेली, तिच्या आवाजाला कंटाळून विकायला काढलेली. जालन्याच्या एका जिनिंगच्या मालकांकडे तेलाचं इंजिन होतं, आणि त्यांच्या सुनेची दोन बाळंतपणं माईंनी केली होती. तेलाची सोय तिथून झाली.

गाडीबरोबर करीमभाई आले. ते जहागीरदारांचे ड्रायव्हर. माईंनी त्यांना ठेवून घेतलं ते ड्रायव्हर म्हणूनच, पण गाडी त्यांना कधी चालवू दिली नाही. शिकून घेतली आणि स्वतःच चालवायला लागल्या. करीमभाई शेजारी बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ हलत. मी एकदा विचारलं, काय म्हणता? म्हणाले, "दुवा माँगता, सिस्टर. रोड पे जो भी है, सबके वास्ते."

माईंना गाडी मागं घेता यायची नाही. शिकल्याच नाहीत. कुठंही गेल्या की आधी गावाला वळसा घालून तोंड परतीच्या रस्त्याकडं करून उभी करायच्या. गावोगावच्या लोकांना ते पाठ झालं होतं. "माई मागं सरत न्हाई," असं म्हणायचे, आणि ते फक्त गाडीबद्दल नसायचं.

आता हीटर प्लगचं सांगते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा तापली तरच तेल पेटतं, आणि इंजिन थंड असेल तर ती पुरेशी तापत नाही. म्हणून इंजिनाच्या चारही नळकांड्यांत एकेक प्लग असतो, त्याच्या टोकाला तारेचं वेटोळं. एक बटण ओढून धरलं की बॅटरीवर ती वेटोळी लाल होतात, आत ऊब धरते, आणि मग गाडी सुरू करायची. ती तापली की नाही, हे कळावं म्हणून माईंच्या समोरच, एका बारीक जाळीआड, तसंच एक छोटं वेटोळं बसवलेलं होतं. ते लालभडक झालं की समजायचं.

करीमभाईंनी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी तिथं होते. माईंचा चेहरा असा फुलला, जसं नात्यातलं कुणी भेटलं.

"म्हंजे हिला बी आधी ऊन करावं लागतं," त्या म्हणाल्या.

"जी, माई."

"बघ शांते. जहागीरदाराला कळली न्हाई ही. गारच हाणत असंल तिला."

बटण किती वेळ धरायचं, याचा अंदाज यायला त्यांनी घड्याळ कधी पाहिलं नाही. त्या ओवी म्हणायच्या. जात्यावर म्हणतात तशीच, बारीक आवाजात, एक ओवी. बटण ओढलं की ओवी सुरू, ओवी संपली की गाडी सुरू. ओवी त्यांची त्या त्या वेळेला जुळवलेली असायची आणि तिच्यात, ज्या बाईकडे निघालो तिचं नाव असायचं. गंगूच्या दारी कण्हेर फुलली, लेकराच्या पायगुणानं गोठा भरला, असं काहीतरी. चाल तीच, नाव निराळं. काव्य म्हणाल तर बेताचंच. मी मागच्या सीटवर बाळंतपणाच्या सामानाची पेटी मांडीवर घेऊन बसलेली असायचे. सकाळच्या गारठ्यात ते बारीक गुणगुणणं, जाळीआडची लाल तार, आणि करीमभाईंचे हलणारे ओठ. आमच्या तिघांचं काम असं सुरू व्हायचं.

फक्त काळजीची बाई असली की ओवी लांबायची. करीमभाई चुळबुळ करायचे. "माई, बस करो. तार जल जाती."

"थांब रे. जरा जास्ती ऊन झालं म्हणून कुणाचं वाईट झालं न्हाई."

माणसांच्या बाबतीत ते खरं असेल. प्लगच्या बाबतीत नव्हतं.

धावड्याहून बोलावणं आलं ते पौषात. धावडा भोकरदनच्याही पुढं, डोंगराच्या बाजूला. तिकडं थंडी हाडात शिरते. बाईचं नाव द्वारका. पहिलं बाळंतपण, कळा आदल्या दिवसापासून. आम्ही तिन्हीसांजेला पोचलो. अंगणभर लाल मिरच्या वाळत घातलेल्या, करीमभाई शिंकून शिंकून बेजार. घरात द्वारकेची सासू, कौतिकाबाई. कपाळावर आडवं मोठं कुंकू, आवाज खणखणीत.

माईंनी चुलीपाशी हात शेकले, गालाला लावून पाहिले आणि द्वारकेला तपासलं. बाळ आडवं होतं. बाहेरून फिरवून पाहिलं, पण पाणी जाऊन फार वेळ झालेला, बाळ हलेना. त्यातून कळा मंदावल्या. तिला थोडी झोप लागली आणि माई उजाडेपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिल्या, एक हात तिच्या पोटावर. झुंजूमुंजू झालं तेव्हा कळा पुन्हा जोरात आल्या. माईंनी परत एकदा पाहिलं आणि बाहेर येऊन सरळ सांगितलं.

"कौतिका, हे माझ्यानं हितं व्हायचं न्हाई. जालन्याला मोठ्या दवाखान्यात भूल देऊन करावं लागंल. आत्ता निघायचं. दुपार झाली तर दोघं बी हातचे जातील."

"धावड्याच्या बाया धावड्यातच बाळंत होतात," कौतिकाबाई म्हणाल्या. "माझे सात झाले, ह्याच खोलीत."

"राह्यले किती?"

आतून द्वारकेचा आवाज आला. कौतिकाबाई वळल्या आणि गोधडी काढायला गेल्या.

द्वारकेला बाजेवरून आणून मागच्या सीटवर आडवं केलं. गाडीवर दहिवर साचलं होतं. माईंनी बटण ओढलं आणि ओवी सुरू केली. द्वारकेच्या नावाची ओवी संपली, तरी हात बटणावरच. दुसरी सुरू झाली, ती बाळाची. त्याला नाव नव्हतं म्हणून माईंनी नुसतं 'वाटसरू' म्हटलं. जाळीआडची तार लाल झाली, पिवळी झाली. करीमभाईंनी "माई" म्हणायला तोंड उघडलं, तोच ती विझली. आवाज नाही, धूर नाही. नुसती काळी पडली.

माईंनी तरी गाडी सुरू करून पाहिली. म्हैस घरघरली, हंबरली नाही. पुन्हा तेच. करीमभाईंनी त्यांचा हात धरला. त्यांना माईंना शिवताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. "बॅटरी भी जायेगी. रुको."

झाकण उघडून त्यांनी एकेक प्लग सोडवून पाहिला. तिसऱ्याचं वेटोळं तुटलं होतं. जास्तीचा प्लग जवळ नव्हता. तो मुंबईहून मागवावा लागे आणि लढाई संपली तरी येत नव्हता.

"एकच तुटलाय ना?" माई म्हणाल्या. "मंग बाकीचे तीन का विझले?"

"चौघे हाथ पकडके खड़े हैं, माई. करंट एकातून दुसऱ्यात जातो. एकाने हाथ छोड़ा, सब गये."

माई वाकून बघत राहिल्या. मागं द्वारका कण्हत होती, मी तिची नाडी धरून होते आणि नाडीची चाल मला आवडत नव्हती. कौतिकाबाई दारात उभ्या, गोधडी छातीशी धरून.

"हा मोडला तो राहू दे जागेवर," माई म्हणाल्या. "त्याच्या दोन बाजूचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. व्हईल का न्हाई?"

करीमभाईंनी क्षणभर विचार केला. "व्हईल. पण तार मोटी पाहिजे."

गावात जाड तार कुठली? कुणी कुंपणाची लोखंडी तार आणली. ती जोडून बटण ओढलं, तर ती तारच लाल झाली आणि गळून पडली. करीमभाई म्हणाले, लोखंड नको, तांबं पाहिजे, जाड. तांब्याचे हंडे होते घरात. पण हंडा काय वाकवणार?

माई इकडंतिकडं बघत होत्या. त्यांची नजर कौतिकाबाईंच्या मनगटावर थांबली. चांदीचा भरीव गोठ, करंगळीएवढा जाड, वापरून वापरून गुळगुळीत झालेला.

"करीमभाई, चांदी चालंल का?"

"चांदी तो ताँबे से बढ़कर, माई."

कौतिकाबाईंनी हात पदरात घेतला. "लगीन झाल्यापासून काढला न्हाई म्या हा. निघायचा बी न्हाई. हाड मोठं झालं."

माईंनी वाद घातला नाही. त्या दारातल्या शेगडीपाशी बसल्या, तळवे निखाऱ्यांवर धरले, गालाला लावून पाहिले. मग कौतिकाबाईंचा हात आपल्या हातांत घेतला. थोडं एरंडेल लावलं. बोटं एकत्र जुळवली, अंगठा आत मुडपला, आणि बोलता बोलता गोठ हळूहळू पुढं सरकवत आणला. जसं बाळाचं डोकं आणतात, तसंच, एका बाजूनं जरा ढिलं करत. "कुणी घातल्ता?" "मायनं." "कुठली तू?" "आनव्याची." गोठ निघाला. मनगटावर पांढरा पट्टा उरला. कौतिकाबाई त्या पट्ट्याकडं बघत राहिल्या.

दगडावर ठेवून दगडानंच गोठ उघडला, वाकडा केला. करीमभाईंनी तो मोडक्या प्लगच्या दोन्ही बाजूंना गच्च आवळला. मी सांगितलं म्हणून बायकांनी चुलीवरचं कढत पाणी आणलं. इंजिनातलं गार पाणी काढून ते भरलं. ते मी दवाखान्यात रोज करायचे तेच होतं, शेकायची पिशवी भरण्यासारखं.

"माई," करीमभाई म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले. "आता तीनच आहेत. चौघांचं जोर तिघांवर येणार. जल्दी तापतील, जल्दी जळतील. गाना बिलकुल नहीं."

माई सीटवर बसल्या. मागं वळून द्वारकेकडं एकदा पाहिलं. बटण ओढलं. जाळीआडची तार भर्रकन लाल झाली.

"द्वारका," त्या म्हणाल्या. एवढंच.

आणि गाडी सुरू केली. म्हशीनं अंग झाडलं, खोकली, पांढरा धूर सोडला, बंद पडते की काय असं झालं आणि मग हंबरली. लंगडत, तीन पायांवर चालावी तशी. तोंड परतीच्या रस्त्याकडंच होतं.

द्वारकेचं डोकं कौतिकाबाईंच्या मांडीवर होतं. मला इंजिनाचा लंगडा ठेका ऐकू येत होता, तीन ठोके आणि एक मोकळी जागा. भोकरदन मागं पडलं, पुढच्या चढावर अचानक ती मोकळी जागा भरली. बंद असलेलं नळकांडंही चालायला लागलं. मी करीमभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "तीनों ने गरम कर दिया उसको." माईंनी ऐकलं असणार. त्यांनी फक्त गाडी जरा जोरात सोडली.

जालन्याला पोचलो, भूल दिली, आणि दुपारच्या आत द्वारका मोकळी झाली. मुलगी. निळी होती, मग रडली. माईंनी ती ऊन दुपट्यात गुंडाळून बाहेर आणली आणि कौतिकाबाईंच्या हातात दिली.

कौतिकाबाईंनी दुपटं जरा उघडून पाहिलं. "एवढा खर्चा करून पोरगी," त्या म्हणाल्या.

"म्हशीच्या पोटी पारडीच चांगली, कौतिका," माई म्हणाल्या. "रेडा घेऊन काय करशील?"

कौतिकाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांचं रडू कुठं सुरू झालं ते त्यांनाही कळलं नसावं. माईंनी तिथंच गाडीतून गोठ काढून द्यायला करीमभाईंना सांगितलं. कौतिकाबाईंनी पोरीला छातीशी घेतलं आणि मान हलवली. "राहू द्या तिथंच. तुमचं ते सामान मुंबईहून यीपर्यंत. आणखी कुणाची सून असंल."

गोठ राहिला. त्या हिवाळ्यात आम्ही किती गावं फिरलो त्याचा हिशोब मी ठेवला नाही. रोज सकाळी माई बटण ओढायच्या, नाव घ्यायच्या आणि गाडी सुरू करायच्या. कमल. गिरजा. सुभद्रा. ओवी बंद झाली ती झालीच. करीमभाई खूश होते. माई मात्र रस्त्याला लागल्यावर कधी कधी, गाडी चांगली तापल्यावर, नुसती चाल गुणगुणायच्या, शब्दांशिवाय. मला ते विचित्र वाटायचं. पेटीचं काम संपल्यावर पेटी उघडल्यासारखं.

थंडी सरायच्या आत परतूरच्या दवाखान्यात नर्स हवी म्हणून निरोप आला. माईंनी मला न विचारता होकार कळवला होता.

"तिथं बाईमाणूस कुणीच न्हाई," त्या म्हणाल्या. "तुला येतं आता सगळं."

"आणि इथं?"

"हितं मी हाये की."

त्या दिवसांत रेल्वेनं एकट्या बाईनं जाणं फारसं बरं नव्हतं. म्हणून सकाळच्या गाडीला पोचवायला माई आणि करीमभाई दोघं आले. फलाटावर माईंनी मला डबा दिला, कापडात गुंडाळलेला, वर गोधडीचा तुकडा. "भाकरी हाये. गार व्हायच्या आत खाय." मग माझे दोन्ही हात हातात घेऊन पाहिले. माझे गार होते. त्यांनी ते आपल्या तळव्यांत चोळले, पेशंटचे चोळावेत तसे, आणि सोडून दिले. "जा. जागा धर."

त्यानंतर मला माई भेटल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात त्या तापानं गेल्या. तेव्हा निजामाच्या राज्यातल्या धामधुमीत इकडून तिकडं जाणं बंद होतं, मला महिन्यानं कळलं. त्यांचं शेवटचं दर्शन ते स्टेशनातलंच.

मला खिडकी मिळाली होती, फलाटापलीकडं स्टेशनचं आवार दिसणारी. म्हैस तिथं लिंबाखाली उभी होती, नेहमीसारखी तोंड परतीच्या रस्त्याकडं करून. माई चाकामागं बसल्या, करीमभाई शेजारी. त्या दिवशी कुठंच बाळंतपण नव्हतं, हे मला माहीत होतं. आदल्या दिवशी मीच पेटी धुऊन, पुसून, फडताळात ठेवली होती. त्यांना इथून फक्त घरी जायचं होतं.

माईंनी बटण ओढलं. खांद्यावरून कळलं मला. त्या कुणाचं नाव घेतात म्हणून मी बघत राहिले. आता सुरू होईल, धूर येईल. पण त्यांचे ओठ हलत राहिले. हलतच राहिले. एक ओवी होऊन गेली असेल इतका वेळ झाला, तरी हलत होते. करीमभाईंनी मान वळवून माझ्या खिडकीकडं पाहिलं, मग समोर बघत बसले. हात गुडघ्यांवर, तोंड बंद.

उरलेल्या तीन प्लगांना एवढं सोसत नाही. मी खिडकीतून वाकून ओरडले, "माई, पुरे. सोडा आता."

रेल्वेनं शिट्टी दिली. माझा आवाज तिकडं पोचला नसावा. आमचा डबा हलला, मधे मालगाडीचे डबे आले, आणि म्हैस सुरू झाली की नाही, ते मला दिसलं नाही.